चहाच्या दगडाजवळचे सात जण

उत्तरेकडच्या फील्ड हॉस्पिटलला माझं पोस्टिंग आलं तेव्हा मी कॅप्टन होते. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. त्या जागेचं नाव लिहीत नाही. तिथं आजही लोक नोकरीवर आहेत. दोन पत्र्याचे वॉर्ड, एक ऑपरेशन टेंट, एक जनरेटर आणि खाली बेस हॉस्पिटलकडे जाणारा एकच रस्ता. थंडीत हा रस्ता उघडा असेल त्या दिवशी पेशंट खाली पाठवायचे. बंद असेल तर आहेत त्या औषधांत सांभाळायचे.

सोलापुरात माझी ओळख 'रिटायर्ड मेजर' म्हणून करून दिली की पहिला प्रश्न येतो, बंदूक चालवली का? चालवली. रेंजवर. बाकी सगळी नोकरी वॉर्डात गेली.

पुढचं समजायला एक गोष्ट आधी माहीत असावी लागते, म्हणून ती इथंच सांगते. मला मेलेली माणसं दिसतात. मी मंगळवेढ्याची. आठ-नऊ वर्षांची असताना आत्याचे सासरे खळ्यावर ज्वारीच्या कणसांपाशी बसलेले दिसले. त्यांचा दहावा आदल्या दिवशी झाला होता. मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "दिसतंय तर दिसू दे. बोंबलत फिरू नको. ताटं घे." मी ताटं घेतली. तेव्हापासून मी हेच धोरण ठेवलं आहे. ती माणसं काही करत नाहीत, बोलत नाहीत. थोडे दिवस असतात आणि मग नसतात. फौजेत मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मानसोपचार विभाग, लो मेडिकल कॅटेगरी आणि घरी.

एकाला मात्र ते कळलं. नर्सिंग असिस्टंट नायक सिद्राम, गाव कुंभारी. मी हजर झाले त्या दिवशी माझ्या ट्रंकेवरचा पत्ता वाचून तो म्हणाला, "मंगळवेड्याच्या व्हय मॅडम? मग घरच्याच की!" आणि संध्याकाळी शेंगाच्या चटणीचा डबा आणून दिला. कामाला चोख, तोंडाला अखंड चालू. इंजेक्शन देताना पेशंटशी हिंदीत बोलायचा आणि सुई मोडली की कन्नडमध्ये शिव्या द्यायचा.

एका दुपारी मी वॉर्डाच्या बोळातून ट्रे घेऊन येत होते. समोरून सहा नंबर बेडचा हवालदार आला. मी बाजूला झाले, त्याला जाऊ दिलं. तो हवालदार तासाभरापूर्वीच वारला होता. मागे सिद्राम उभा होता.

"मॅडम, कुणाला वाट दिली?"

"कोणाला नाही."

"सहा नंबर ना?"

मी ट्रे सावरला.

"आमच्या अव्वाला दिसायची," तो म्हणाला. अव्वा म्हणजे आजी. "ती बी अशीच सरकायची. पदर सावरून. आमी विचारायचो, कोण हाय अव्वा? ती म्हणायची, तुमच्या कामाचं कुणी न्हाय."

"मग तूही विचारू नकोस."

"न्हाय विचारत. पण एक हाय. मी गेलो तर तुमाला आदी कळंल. घरी निरोप तरी लवकर जाईल."

"तू गेलास तर आधी तुझ्याकडून स्टोअरचा हिशेब पुरा करून घेईन. मग निरोप."

"लई कडक हाय मंगळवेडं," तो म्हणाला आणि ट्रे माझ्या हातातून घेतला.

आता रस्त्याबद्दल. आमच्यापासून खाली जाताना चेकपोस्ट लागायचं आणि तिथून ॲव्हलांचचा पट्टा सुरू व्हायचा. वरून बर्फ कधीही सुटेल अशी जागा. तिथले हुकूम साधे होते. एका वेळी एकच गाडी. दारं उघडी. हॉर्न नाही. कुठल्याही कारणाने थांबायचं नाही. पट्ट्याच्या मधोमध एक वळण होतं आणि त्या वळणावर पुरुषभर उंचीचा काळा दगड. फार वर्षांपूर्वी, रस्ता नव्हता तेव्हा, रेशन पाठीवर घेऊन चाललेली एक तुकडी तिथं कुठंतरी बर्फाखाली गेली. माणसं मिळाली नाहीत. नंतर आलेल्या युनिटने त्या दगडावर चुन्याची निशाणी रंगवली. त्याला सगळे ड्रायव्हर चहाचा दगड म्हणायचे. तिथं गाडी थांबवायची, एकाने उतरायचं, मगभर चहा दगडाशी ओतायचा, सलाम करायचा आणि निघायचं. मिनिटाचं काम. हुकूम थांबू नका म्हणायचा आणि झाडून सगळे थांबायचे. ऑफिसर गाडीत असला तर तो त्या वेळी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायचा. लॉगमध्ये हे कधी येत नसे.

मला तिथं सात जण दिसायचे. दगडाला लागून, रांगेत. जुने जाड लोकरी कोट, पायांत कापडी बूट. एकाच्या गळ्यात मफलर, एकाचा हात कोटाच्या आत. टोकाला एक अगदी कोवळा, हातात मेसटिन, म्हणजे फौजी जेवणाचा डबा. सगळे कोणीतरी येऊन पुढचा हुकूम देईल अशा बेताने उभे. मी दहा-बारा दिवसांत नाहीशी होणारी माणसं पाहिली होती. इतकी वर्षं थांबलेली पाहिली नव्हती.

सिद्रामने एकदा तिथं चहा ओतून परत गाडीत चढताना मला हळूच विचारलं, "पितेत का?"

"नाही. बघतात."

"बरं. मग पुढल्या बारीला गरम आणू. बघायला तरी वाफ पायजे."

तेव्हापासून तो ॲम्ब्युलन्सच्या आत हुकाला स्वतःचा फ्लास्क अडकवून ठेवायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी रस्ता उघडला. दोन ॲम्ब्युलन्स निघाल्या. पुढची रिकामी, खालून औषधं आणि रक्ताच्या बाटल्या आणायला. तिच्यात ड्रायव्हर लान्स नायक जोगिंदर आणि सिद्राम. मागच्या गाडीत दोन पेशंट आणि मी. काफिल्याचे कमांडर सुभेदार नेगी साहेब, गढवालचे, कमी बोलणारे, तेही आमच्याच गाडीत पुढे. चेकपोस्टवर आमची गाडी थांबवली. पुढची पट्ट्यात गेली आणि वळणाआड झाली.

आवाज मोठा नव्हता. पत्र्यावरून वाळू ओतावी तसा. मग पांढरा लोट खाली आला आणि वळण दिसेनासं झालं.

नेगी साहेबांनी माणसं गोळा केली. चेकपोस्टची दहा-बारा, रस्त्याच्या कामावरची काही. फावडी आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून बघायच्या लांब सळया. मी पेशंटपाशी एकाला बसवलं, बॅग घेतली आणि मागोमाग गेले. इथून पुढचं बोलणं बरंचसं हिंदीत झालं. मी मराठीत देते आहे.

रस्ता उरला नव्हता. वळण, कठडा, दगड, सगळं एकाच उतारात सपाट झालेलं. ॲम्ब्युलन्स खालच्या अंगाला कलंडून अर्धी गाडलेली होती. जोगिंदर बाहेर आला होता. कपाळावर जखम, बाकी ठीक.

"सिद्राम कुठं?" नेगी साहेबांनी विचारलं.

"मागे होता साहेब. दार उघडं होतं. फेकला गेला."

"गाडी चालती होती?"

"हो साहेब."

गाडीभोवती रांग लावली. प्रोब, एक पाऊल, प्रोब. गाडीच्या खाली, बाजूला, पुढे. काही नाही. बर्फाखाली गेलेल्या माणसाची पहिली वीस-पंचवीस मिनिटं महत्त्वाची असतात. पुढे आशा झपाट्याने कमी होते. ती मिनिटं गेली. आभाळ खाली उतरत होतं. वर उतारावर अजून एक थर लोंबत होता, तो सगळ्यांना दिसत होता.

रेडिओवर ओसी, म्हणजे आमच्या युनिटचे प्रमुख, बोलले. "दुसरा स्लाइड येऊ शकतो. माणसं मागे घ्या. शोध उद्या. ओव्हर."

"रॉजर," नेगी साहेब म्हणाले. रिसीव्हर हातात धरून ते वरच्या थराकडे बघत राहिले.

मी जोगिंदरच्या कपाळाला पट्टी बांधायला कापूस हवा म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये वाकले. कापूस मिळाला. फ्लास्कचा हुक रिकामा होता. गाडी कलंडली तर फ्लास्क खाली पडायला हवा. मी हाताने सगळीकडे चाचपलं. फ्लास्क नव्हता. त्याचा स्टीलचा मगही नव्हता.

मी बाहेर येऊन वर पाहिलं. गाडीपासून बऱ्याच अंतरावर, नुसत्या उघड्या बर्फात, ते सात जण उभे होते. गुडघाभर आत, पण रांगेत. जिथं नेहमी असायचे तिथंच. बदललेलं होतं ते बाकी सगळं.

मी त्यांना एका टोकापासून मोजलं. कोट, मफलर, मेसटिन. सात. सिद्राम त्यांच्यात नव्हता. इकडंतिकडंही नव्हता. मी पूर्ण गोल फिरून पाहिलं. सहा नंबरचा हवालदार तासाभरात बोळात आला होता. सिद्राम मेला असता तर तो गप्प बसणारा नव्हता. सगळ्यांत आधी माझ्यासमोर येऊन उभा राहिला असता.

मी जोगिंदरसमोर बसले. पट्टी बांधली.

"फ्लास्क कुठं आहे?"

तो पट्टी चाचपू लागला.

"मगही नाही. सिद्राम गाडीतून फेकला गेला नाही. तो उतरला होता."

"मॅडम, थांबायचा हुकूम नाही..."

"मला माहीत आहे. उतरला होता का?"

त्याने मान हलवली. मग एकदम बोलायला लागला. "इंजिन चालू होतं. तो चहा घेऊन उतरला. वर आवाज झाला. मी ओरडलो, पळ! तो माझ्याकडे यायचं सोडून दगडाकडे पळाला. मग मला धक्का बसला. मॅडम, मी थांबलो होतो हे सांगितलं असतं तर..."

"आता सांग. साहेबांना."

त्याने सांगितलं. नेगी साहेबांनी ऐकून घेतलं. त्याच्यावर ओरडण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. ते माझ्याकडे वळले.

"दगड कुठं आहे ते आता कोण सांगणार? वळणच राहिलं नाही."

"मी दाखवते," मी म्हणाले.

"कसं?"

ते माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, सहा वर्षं मी या रस्त्यावर आहे. दगडापाशी आलं की सगळे दगडाकडे बघतात. तुम्ही दगडाच्या शेजारी बघता. एकेकाकडे."

मी वर रांगेकडे पाहिलं.

"ते आत्ता उभे आहेत?"

"हो."

"सिद्राम त्यांच्यात आहे?"

"नाही."

त्यांनी रिसीव्हर उचलला. "सर, अर्धा तास हवा. ओव्हर."

"कशाच्या आधारावर? ओव्हर."

"शेवटची जागा चुकीची कळली होती. आता बरोबर कळली. कॅप्टन मॅडमचं मत आहे, माणूस जिवंत आहे. ओव्हर."

"मॅडमना द्या."

मी रिसीव्हर घेतला. "सर, तो मोठ्या दगडाच्या आडोशाला आहे. आडोशाला हवेची पोकळी राहू शकते. ओव्हर."

"तुमची खात्री आहे? वर बारा माणसं आहेत माझी. ओव्हर."

तो प्रश्न योग्य होता. दुसरा थर सुटला असता तर त्या बारा जणांना मी तिथं उभं केलं असतं. "खात्री आहे सर. ओव्हर."

"अर्धा तास. त्यानंतर एकही माणूस वर नको. आउट."

मी चालत वर गेले आणि मफलरवाल्याच्या पुढ्यात थांबले. "इथं." पहिला प्रोब खाली गेला आणि टणक जागी आपटला. दगड होता.

खणायला सुरुवात झाली. जोगिंदर फावडं दुसऱ्याला देईना. मी बाजूला उभी राहून दर थोड्या वेळाने रांगेवरून नजर फिरवत होते. सात. पुन्हा सात. बर्फाचा भुगा उडत होता. एकदा मी पाहिलं तर रांगेच्या टोकाला आठवा होता. डोकं खाली, खांदे पांढरे. माझ्या हातातली बॅग खाली पडली. मग तो आठवा चालत पुढे आला आणि म्हणाला, "दोर कुणी मागितला होता?" चेकपोस्टचा शिपाई होता. मी त्याला दबक्या आवाजात इतकं झापलं की तो आजही विचार करत असेल की दोर आणण्यात काय चुकलं.

छातीइतकं खोल गेल्यावर एक बूट दिसला. फौजी बूट, आत्ताचा. मग हात. हातात मग. दगडाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन तो बसलेला होता. तोंडापुढे पाण्याच्या कळशीएवढी पोकळी. ओठ निळे. मी बोटांनी तोंडातला बर्फ काढला आणि मानेवर हात ठेवला. नाडी होती. मंद, पण होती. मी "आहे" म्हणाले. नेगी साहेबांनी ते रेडिओवर सांगितलं. कोणी आरडाओरडा केला नाही, तशी परवानगी नव्हती. पण दोघं-तिघं आहेत तिथंच बर्फात बसले.

त्याला आडवाच ठेवून खाली आणला. ओले कपडे कापले, ब्लँकेटं, गरम पाण्याच्या बाटल्या बगलेत. आमच्या ॲम्ब्युलन्समध्ये हॉस्पिटलकडे परत जाताना त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघून भीत भीत म्हणाला,

"मॅडम... मी दिसतोय का तुमाला?"

"दिसतोस."

त्याचे डोळे भरले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. "अरे, सगळ्यांना दिसतोस. ह्या पेशंटलाही दिसतोस. विचार त्याला."

शेजारच्या स्ट्रेचरवरच्या पाय मोडलेल्या शिपायाला मराठीतलं अक्षर समजलं नव्हतं. तरी तो म्हणाला, "जिंदा है भाई, जिंदा है."

"मग च्या सांडला की सगळा," सिद्राम म्हणाला आणि झोपला. मी त्याला गालावर चापट मारून जागं ठेवलं.

आमच्या मागे तासाभराने दुसरा थर सुटला. तेव्हा वर कोणी नव्हतं.

रिपोर्टमध्ये मी फ्लास्क लिहिला, हुक लिहिला, दगडाचा आडोसा लिहिला. सगळं खरं. जोगिंदरवर कारवाई झाली, ती व्हायलाच हवी होती. पण सिद्रामनेच त्याच्या बाजूने जबाब दिला. सिद्रामच्या पायाची दोन बोटं गेली.

त्या खड्ड्यातून एक गोष्ट वर आली होती. फावड्याला लागून एका कापडी बुटाचा तळ. कोणाचं लक्ष नव्हतं. नेगी साहेबांनी तो उचलून खिशात ठेवला होता. जूनमध्ये रस्ता पूर्ण उघडल्यावर त्यांनी ओसींची परवानगी घेऊन दगडामागचा उतार खणला. इतकी वर्षं निशाणीचा दगड नेमका त्यांच्या डोक्याशीच रंगवलेला होता आणि कोणाला माहीत नव्हतं. सात जण मिळाले. चौघांची ओळख बिल्ल्यांवरून पटली, त्यांचे अवशेष गावी जायचे होते. तिघांची पटली नाही. मेसटिनवाला त्या तिघांतला.

अवशेष खाली निघण्याआधी दगडापाशी मानवंदना झाली. झेंड्यात गुंडाळलेल्या सात पेट्या, बिगुल, दोन मिनिटं शांतता. मी मागच्या रांगेत होते. ते सात जण पेट्यांच्या मागे उभे होते, नेहमीच्याच बेताने. नावं वाचली. तिघांच्या वेळी 'अज्ञात सैनिक' वाचलं. मग गार्डला सोडायची वेळ आली आणि नेगी साहेबांनी सावधान दिलं. गार्ड समोर असताना ते अर्धवट पेट्यांकडे वळले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हुकूम दिला.

"विसर्जन!"

गार्ड उजवीकडे वळला. ते सातही वळले. कोट, मफलर, सगळे एकदम. मेसटिनवाला अर्धा ठेका उशिरा, रंगरूट वळतात तसा. सलाम करून ते निघाले आणि उताराच्या कडेला गेल्यावर दिसायचे थांबले. इतकी वर्षं त्यांना कोणी रांग मोडायला सांगितलंच नव्हतं.

नेगी साहेबांनी नंतर विचारलं, "गेले?"

"गेले."

"बरं," ते म्हणाले आणि गाड्या लावायला गेले.

त्यानंतर वर्षभर मी त्या रस्त्याने ये-जा केली. दगडापाशी कोणी नसायचं. चहा मात्र चालू राहिला. फक्त आता तो चेकपोस्टवर, पट्ट्याच्या अलीकडे ओततात. तो हुकूम ओसींनी लेखी काढला.

सिद्राम आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर आहे. कुंभारीहून सायकलने येतो. दोन बोटं नाहीत तरी पेडल मारण्यात मागे नाही. मी तिथल्या कामगारांना महिन्यातून एकदा प्रथमोपचार शिकवायला जाते. फेब्रुवारीतल्या त्या तारखेला तो पाळीचा पहिला चहा त्याच स्टीलच्या मगात घेऊन गेटबाहेरच्या कडुलिंबाशी उभा राहतो. यंदाही होता. आत लूम सुरू झाले होते आणि बायका सायकली लावत होत्या.

"मॅडम, नीट बघून सांगा. आलेत का?"

मी नीट पाहिलं. झाडाखाली ऊन होतं, दोन सायकली होत्या, एक कुत्रं होतं.

"नाहीत. सुट्टी झाली त्यांची."

"पोरगं बी न्हाय? मेसटिनवालं?"

"तोही नाही."

सिद्रामने हातातला मग कपाळाला लावला. थोडा चहा झाडाच्या मुळाशी ओतला. वाफ निघून जाईपर्यंत थांबला.

"मग ऱ्हायलेला मीच पितो," तो म्हणाला आणि पिऊन गेट उघडायला गेला.